मागच्या दारानं आलेली वीणा

"आसारी आलेत," असं आत ओरडून सांगत म्हातारी अलमेलू स्वयंपाकघरात दिसेनाशी झाली, आणि शेषगिरी राव मागच्या पायरीवर वीणा उराशी धरून उभाच राहिला. आसारी म्हणजे सुतार. त्या अंगणात ज्याला हा शब्द लागू पडावा असा दुसरा कुणी नव्हता. एक विहीर होती, दोरीवर वाळणारं लुगडं होतं आणि केळीचं एक बेट होतं. चूक तशी कुणाचीच नव्हती. पुढच्या फाटकावरच्या माळ्यानं धोतर, बिनबाह्यांची बंडी, चादरीत गुंडाळलेली वीणा आणि काखेतलं हत्यारांचं फडकं पाहिलं होतं आणि न बोलता बोटानं मागची वाट दाखवली होती. रविवारी सकाळी जटका, म्हणजे घोडागाडी, ठरवताना शेषगिरीनं मुद्दामच जुनी बंडी घातली होती, वीणेचं तेल नव्या सदऱ्याला लागू नये म्हणून. आता तोंडात एक वाक्य अगदी तयार होतं: मी आसारी नव्हे, माझं नाव शेषगिरी राव, वजनमापं खात्यात मी इन्स्पेक्टर आहे. तमिळमध्ये हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणत असे. दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून ते म्हटलं की आतला माणूस 'सार', म्हणजे साहेब, म्हणत चटकन गादीवरून उठायचा. आज ते वाक्य दातांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. आपल्याला राग यायला हवा हे त्याला कळत होतं. त्यानं मनात राग शोधूनही पाहिला, पण सापडला तो वेगळाच प्रकार. छातीत काहीतरी फुलून आलं होतं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. एकोणपन्नासाव्या वर्षी, मैलापुरातल्या एका परक्या घराच्या मोरीजवळ उभं राहून, कुणीतरी बढतीचा कागद हातात ठेवावा तसा तो खूश झाला होता.

तेवढ्यात अलमेलू परत आली. "द्या इकडे," म्हणाली, आणि तिनं वीणा अशी घेतली की शेषगिरीचा जीव गोळा झाला. पण म्हातारीच्या हाताला सवय होती. तिनं एक हात कुडाखाली, म्हणजे त्या मोठ्या घड्यासारख्या पोटाखाली, घातला आणि दुसरा दांडीखाली. "अम्मा बघतायत. तुम्ही इथं बसा. ताक हवं का?" तो नको म्हणाला आणि ओसरीवर बसला. भिंतीला टेकावं की नाही हे त्याला कळेना. आसारी टेकतात का? लहानपणी तंजावूरला पाहिलेला नटेस आसारी कधी टेकलेला त्याला आठवत नव्हता. तो उकिडवा बसायचा, गुडघ्यांमध्ये लाकूड धरून, आणि त्याच्या पाठीचा कणा दोरीसारखा दिसायचा. शेषगिरीला उकिडवं बसणं जमत नव्हतं, गुडघे दुखत. तो मांडी घालून बसला आणि फडकं समोर ठेवलं. आत कुठं तरी सीतालक्ष्मी अम्माळ आता चादरीची गाठ सोडत असेल. जिचं वादन ऐकायला संगीत सभेच्या हॉलात लोक भिंतीला धरून उभे राहत, ती बाई. गेल्या अकरा वर्षांत त्यानं पाच वीणा केल्या होत्या. पहिल्या दोन फुटल्या, तिसरी मुकी निघाली, चौथी घरात भिंतीला लावलेली होती आणि तिच्यावर त्याची बायको कनका ओले टॉवेल वाळत घाले. ही पाचवी. खऱ्या वाजवणाऱ्या माणसाचा हात लागणारी पहिलीच. तारांच्या दुकानातला म्हातारा सुब्बा एकदा तिरुवल्लिक्केणीला शेषगिरीच्या घरी आला होता. त्यानं वीणेच्या पोटावर टिचकी मारली, कान लावला आणि पुन्हा एकदा मारली. पुढच्या आठवड्यात त्यानं निरोप दिला होता: रविवारी नऊ वाजता अम्मांकडे घेऊन जा, तंजावूरच्या माणसानं केलेली एकाच खोडाची वीणा आहे एवढंच मी सांगितलंय. त्या माणसाचा पोटापाण्याचा उद्योग काय, हे सुब्बाला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि शेषगिरीनंही जन्मात पहिल्यांदाच ते कुणाला सांगितलं नव्हतं.

एकाच खोडाची. या दोन शब्दांसाठी त्यानं काय काय केलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत. वीणा तीन तुकड्यांची करता येते, कूड वेगळा, दांडी वेगळी, दांडीच्या टोकाचं सिंहासारखं व्याळाचं तोंड वेगळं, आणि मग जोडायची. सगळे तशीच करतात. पण नटेस आसारी म्हणायचा, जोडलेल्या वीणेत आवाज दर सांध्याशी थांबून वाट विचारतो. म्हणून फणसाचं अखंड खोड हवं, आणि तेही जुनं, आतून हळदीसारखं पिवळं. सैदापेटेच्या लाकडाच्या वखारीत तो तीन वर्षं जात राहिला. वखारवाल्याला आधी वाटलं इन्स्पेक्टर आपल्या काट्यावर नजर ठेवून आहे. त्यानं बिचाऱ्यानं घाबरून काटाच नवा घेतला. मग एका दुपारी शेषगिरीनं एका पडलेल्या खोडावर मुठीचं हाड मारलं आणि आतून जो आवाज आला तो त्यानं तीस-पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडीतून ते खोड घरी आलं तेव्हा कनका दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. घरच्या तंजावुरी मराठीत म्हणाली, "हें काय आणिलांत? घरांत दोन माणसांला निजायला जागा नाहीं, अन् तुम्ही झाड आणितां." मग गाडीवानाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज खाली घेतला. "लोक काय म्हणतील? देशस्थाच्या घरीं आसारीचें काम." पण खोड मागच्या पडवीत सरकवताना दुसऱ्या बाजूनं हात तिनंच लावला होता. दोन वर्षं ते तिथं वाळत पडलं. तिसऱ्या वर्षी त्यानं ते कोरायला घेतलं. रोज पहाटे ऑफिसच्या आधी दीड तास, आणि रविवार. आतून कोरता कोरता भिंत किती पातळ झाली हे पाहायला कंपास होता, पण कंपासावर त्याचा विश्वास नसे. तो गाल लावायचा. लाकडाला गाल लावून बाहेरून टिचकी मारायची, की कुठं अजून मांस आहे ते गालाला कळतं. ऑफिसात जाताना एका गालावर पिवळी भुकटी राहायची, आणि हेडक्लार्क म्हणायचा, "राव, आज देवळात जाऊन आलात वाटतं."

लहानपणी त्याच्या वडिलांना, अप्पांना, मात्र अशी भुकटी हळदीची वाटली नव्हती. अप्पा तंजावूरच्या शाळेत गणित शिकवत. त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी होत्या, बरोबर आणि चूक, आणि दोन्हींच्या शेजारी लाल शाईची खूण करता येत असे. नटेस आसारीची आळी शाळेच्या वाटेवर होती. शेषगिरी दहा-अकरा वर्षांचा असताना रोज तिथं थांबे. आसारीनं त्याला हत्याराला कधी हात लावू दिला नाही. "ऐक नुसतं," म्हणायचा, आणि दोन लाकडं आपटून विचारायचा, कुठलं हसलं? दोन पावसाळे शेषगिरी नुसता ऐकत राहिला. एके दिवशी केसांत भुसा घेऊन तो घरी गेला आणि अप्पांनी त्याला विहिरीवर नेऊन डोक्यावर कळशी ओतली, पुसलं, आणि मग एक सणसणीत ठेवून दिली. आधी पुसलं, मग मारलं, हे त्याला अजून आठवे. "आसारी होणार आहेस? कृष्णस्वामी रावाचा मुलगा आसारी?" उत्तर अर्थातच नाही असं होतं आणि त्यानं ते रडत रडत दिलं. मग तो शिकला, मद्रासला आला, खात्यात लागला. गजाची काठी सरळ आहे ना, शेराचं माप आत ठोकलेलं नाही ना, हे तो वीस वर्षं पाहत आला. अलीकडे तर गज आणि शेर दोन्ही गेले आणि मीटर-किलो आले. नव्या मीटरपट्ट्यांवर शिक्के मारून मारून त्याच्या अंगठ्याला घट्टा पडला. दुसऱ्या हाताचे घट्टे छिन्नीचे होते. दोन हातांची ही दोन खाती त्यानं कधी एकमेकांना भेटू दिली नव्हती. आणि आज एका स्वयंपाकिणीनं, ताक हवं का विचारता विचारता, अप्पांच्या त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर देऊन टाकलं होतं.

आत एक तार वाजली. शेषगिरी ताठ झाला. खुंटी फिरल्याचा बारीक करकर आवाज आला. ती खुंटी त्यानं चार वेळा तासली होती, सैल नको आणि घट्टही नको म्हणून. मग तार चढू लागली. तो घरी ज्या षड्जावर लावत असे तिथं आली, त्याला ओळखीची वाटली, आणि ती तिथून आणखी वर गेली. एक सूर वर, आणि वर थोडी. बरोबर आहे, अम्मांची पट्टी उंच असणार, त्यानं मनाशी म्हटलं. पण पोटात कुठंतरी मुंगी चावल्यासारखं झालं आणि तो तिच्याकडे दुर्लक्ष करून ऐकू लागला. दुसरी तार लागली, तिसरी, चौथी. कडेच्या तालाच्या तीन तारा एकदम छेडल्या गेल्या. मग काही क्षण शांतता. त्या शांततेत त्याला कळलं की अलमेलूनं आत कांदा... छे, या घरात कांदा कुठला, मोहरीची फोडणी दिलेली आहे, की विहिरीचा रहाट हलतोय, की आपण श्वास घेतलेला नाही. आणि मग षड्ज वाजला. नुसता एक षड्ज, कशाचा तरी विचार करत वाजवल्यासारखा, आणि तो आतल्या खोलीतून निघून, स्वयंपाकघर ओलांडून, उंबऱ्यावरून उतरून त्याच्या मांडीखालच्या फरशीपर्यंत आला. शेषगिरीला हसू आलं. रडूही आलं असेल; तो एकटाच होता, त्यानं तपासलं नाही. हा आवाज त्यानं केला होता. वखारीतल्या मुठीच्या आवाजातून, गालाला कळलेल्या जाडीतून, तीनशे पहाटांमधून त्यानं तो बाहेर काढला होता. तो कुठं थांबत नव्हता आणि वाट विचारत नव्हता. अप्पांना कुठं असतील तिथं ऐकू जावा असं त्याला वाटलं, आणि असं वाटलं म्हणून लाजही वाटली नाही.

तिनं आलाप सुरू केला. खालचे स्वर सरळ गेले. पंचम ठणठणीत. मग ती वर सरकली, आणि वरच्या गांधारावर काहीतरी झालं. ज्याला संगीत येत नाही त्याला कळलं नसतं. एखाद्या सरळ चालणाऱ्या माणसाचा पाय जिन्याच्या एका पायरीवर किंचित चुकीचा पडावा तेवढंच. ती परत आली, पुन्हा गेली. पुन्हा तेच. वरचा मध्यम त्याहून वाईट. ती बोट दाबून, तार ओढून स्वर जागेवर आणू पाहत होती. शेषगिरीला तिच्या बोटांचा त्रास आपल्या बोटांत जाणवला. मघाची मुंगी आता पोटभर झाली होती. पण पडदे तर त्यानं एकोणीस दिवस खपून बसवले होते. वीणेचे चोवीस पितळी पडदे खिळ्यांनी ठोकत नाहीत. दांडीवर मेण, राळ आणि कोळशाची पूड मिसळून दोन काळे बांध घालतात आणि त्या बांधांत पडदे रुतवतात. प्रत्येक पडदा केसभर इकडे, केसभर तिकडे करत कानानं जागेवर आणायचा, याला मेळ बांधणं म्हणतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका मोडक्या वीणेचा मेळ उकलून, पुन्हा बांधून, तो आपला आपण शिकला होता. प्रत्येक पडदा त्यानं शंभरदा ऐकला होता. तो चुकला असणं शक्य नव्हतं. वादन थांबलं, आणि पावलांचा आवाज जवळ आला.

सीतालक्ष्मी अम्माळ दारात उभी राहिली. तीन-चार वर्षांनी त्याच्याहून मोठी असेल. केस ओले, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या चमक्या, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना तेल लागलेलं. शेषगिरी उठू लागला, तर तिनं हातानंच बस म्हटलं. "आसारी," ती म्हणाली, "लाकूड कुठलं?" त्यानं सांगितलं. "कूड कुणी कोरला?" "मीच." ती थोडा वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिचा आवाज एकदम चढला. "असा कूड कोरता येतो तुम्हाला, मग एवढंही कळत नाही? मेळ घरी बांधून आणतात का कधी? कुणाच्या श्रुतीवर बांधलात? कुणाच्या बोटावर? मी तारा चढवल्या तशी दांडी वाकली. ताजं लाकूड, वाकणारच. वरचे सगळे पडदे सुटले. तुमच्या गुरूनं तुम्हाला एवढं सांगितलं नाही? कुणाकडे शिकलात तुम्ही?"

आणि मग, ती समोर उभी असतानाच, शेषगिरीला नटेस आसारीच्या दारातली बैलगाडी दिसली. गवतावर ठेवलेली नवी वीणा, बोडकी, एकही पडदा नसलेली, आणि आसारी शेजारी बसलेला, मांडीवर मेणाचं मडकं. तो असा दर वेळी जात असे. कधी कुंभकोणमला, कधी तिरुवय्यारला, कधी नुसता पलीकडच्या रस्त्यावर. तीन-चार दिवसांनी रिकामा परत येई. शाळेतून येताना पोरगा शेषगिरी विचारी, दात नसलेली वीणा का नेली? आसारीची बायको हसायची. त्याला वाटायचं, पडदे म्हणजे शेवटची सजावट, लग्नाच्या घरी जाऊन घालायच्या दागिन्यासारखी. म्हणून त्यानं कधी पुढं विचारलं नाही. त्या आळीत त्यानं लाकूड पाहिलं, कोरणं पाहिलं, व्याळाचे डोळे पाहिले, आणि मेण मात्र एकदाही पाहिलं नाही, कारण मेण तिथं कधी वितळलंच नव्हतं. ते वाजवणाऱ्याच्या घरी वितळायचं, त्याच्यासमोर, त्याच्या पट्टीवर, त्याच्या बोटाच्या वजनाखाली. इतकं साधं होतं हे. ज्याला वाजवणारा भेटलाच नाही अशाच माणसाला ते कळलं नसतं. वीस वर्षं तो सगळ्यांच्या हातात एकच माप देत आला होता, आणि या एका गोष्टीला दुसऱ्याच्या हाताशिवाय माप नव्हतं. लाजेनं त्याची मान खाली गेली, पण त्या लाजेच्याही तळाशी तो मघाचा आनंद शाबूत होता. ती त्याला रागावत होती. चांगल्या आसारीला रागवावं तशी, मनापासून, काहीही हातचं न राखता. आजवर त्याच्या वीणांना लोक 'वा वा' म्हणत आले होते. रागवण्याइतकं मोल त्यांना कुणी दिलं नव्हतं. तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात विहिरीपलीकडच्या न्हाणीघराकडून कुणीतरी म्हणालं, "सार? तुम्ही इथं?"

सीतालक्ष्मीचा भाऊ गुरुमूर्ती अंगावर ओला पंचा घेऊन आंघोळीहून येत होता. शेषगिरीनं त्याला ओळखलं आणि त्याचा चेहराच पडला. रंगनाथन स्ट्रीटवरचं कापडाचं दुकान. दोनच महिन्यांपूर्वी तिथल्या चार मीटरपट्ट्या त्यानं तपासल्या होत्या आणि एक परत केली होती. गुरुमूर्ती तर पायरीवरच थबकला. इन्स्पेक्टर आपल्या मागच्या ओसरीवर, मोरीशेजारी, फरशीवर बसलेला. मग तो भराभर बोलू लागला. अक्काला काही कळत नाही सार, म्हातारीला दिसत नाही सार, माळ्याला आजच काढून टाकतो, चला, आत चला. शेषगिरी नको नको म्हणत असताना त्यानं त्याला दंडाला धरून उठवलं. आणि बघता बघता तो दिवाणखान्यात वेताच्या खुर्चीवर होता, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि अलमेलू पदरानं तोंड झाकून चांदीच्या पेल्यात कॉफी ठेवून गेली होती. त्याची वीणा समोर चटईवर होती. सीतालक्ष्मी आता खांबाशी उभी राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो राग कुणीतरी पुसून टाकल्यासारखा गेला होता.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता, सभेनंतर मोठ्या लोकांशी बोलताना होत असेल तसा. "एवढ्या मोठ्या हुद्द्यावर असून तुम्ही हा छंद सांभाळता, फार कौतुक वाटतं. काम फार सुबक आहे. व्याळाचं तोंड तर... आमच्याकडे नवरात्रात बोम्मै, बाहुल्या मांडतो, त्या पायऱ्यांशेजारी ठेवू आम्ही. सगळ्यांना सांगू, रावांनी स्वतः केलेली." गुरुमूर्ती म्हणाला, "आणि ते पडद्याचं काय ते, त्याची काळजी नको सार. तंजावूरहून एक आसारी येतो आमच्याकडे. त्याला बोलावून घेऊ. तुम्ही कशाला हात काळे करता?" शेषगिरीनं पेला उचलला. कॉफी उत्तम होती. त्याला वाटलं, संपलं. कुणी त्याचा अपमान केलेला नव्हता. खुर्ची दिली होती, मान दिला होता, वीणाही ठेवून घेत होते. ज्या घरात मघाशी त्याच्या कामाला नावं ठेवली जात होती तिथं आता कौतुक होत होतं. हे पदरात घेऊन जटक्यात बसायचं आणि कनकाला सांगायचं, अम्मांनी ठेवून घेतली. कनका विचारेल, वाजविली कीं? आणि तो म्हणेल, वाजवली. दोन्ही खरं. बोम्मैच्या पायऱ्यांशेजारी, मातीच्या वाण्याच्या आणि मातीच्या हत्तीच्या बाजूला, ती वर्षातून नऊ दिवस उभी राहील. बायका हळदीकुंकवाला येतील, हरभऱ्याचं सुंडल खातील, आणि म्हणतील, अय्यो, ऑफिसरनं केली? त्या आतल्या षड्जाची त्याला दया आली, मग राग आला, आणि हा राग मघापासून तो शोधत होता तोच होता. फक्त तो आसारी म्हटल्याबद्दल नव्हता.

त्यानं पेला खाली ठेवला आणि खुर्चीवरून उठला. "अम्मा," तो म्हणाला, "मघाशी तुम्ही मला एक विचारलंत. मी कुणाकडे शिकलो. त्याचं उत्तर राहिलं." गुरुमूर्ती म्हणाला, "सार, ते जाऊ द्या..." "नटेस आसारी, तंजावूर. त्यांनी मला लाकूड ऐकायला शिकवलं. मेळ शिकवला नाही, कारण मला तिथं जाऊ दिलं नाही. मी एकट्यानं बांधला, म्हणून चुकला. तुम्ही म्हणालात ते बरोबर. वीणेत दुसरी काही चूक आहे का?" सीतालक्ष्मी खांब सोडून वीणेजवळ आली. "अम्मा, मी तुम्हाला वजनमापं खात्यातर्फे विचारत नाही. चूक असेल तर सांगा, मी उचलून घेऊन जातो." तिनं भावाकडे पाहिलं नाही. ती वीणेकडे पाहत होती. मग तोच मघाचा आवाज परत आला, चढा, जरा चिडका. "चूक असती तर मी ओरडले असते का? नमस्कार करून पाठवलं असतं. चाळीस वर्षं वाजवतेय मी. असा कूड माझ्या मांडीला दोनदाच लागला, आणि त्यातली एक वीणा माझ्या गुरूंची होती." "मग ती बाहुल्यांत ठेवायची नाही," शेषगिरी म्हणाला. "आणि दुसरा आसारी बोलवायचा नाही. हिचा आसारी मी."

गुरुमूर्तीनं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. इन्स्पेक्टरच्या हातून आपल्या दिवाणखान्यात असलं काम करून घेतलं तर दुकानावर काय गुदरेल, अशी त्याची घालमेल चेहऱ्यावर दिसत होती. पण शेषगिरी तोपर्यंत मागच्या ओसरीवर जाऊन फडकं घेऊन आला होता. त्यानं अलमेलूकडे शेगडीभर निखारे आणि एक जुनी कढई मागितली. पंखा बंद करायला सांगितला, मेणाला वारा लागतो म्हणून. आणि पंखा बंद झाला. मग तो चटईवर बसला, वीणा मांडीवर घेतली, आणि पातळ पातं निखाऱ्यांवर तापवून पहिल्या पडद्याखाली घातलं. एकोणीस दिवसांचं काम होतं ते. काळं मेण सुटू लागलं, राळेचा वास खोलीभर पसरला, आणि एकेक पितळी पडदा तो ओढून दातासारखा काढू लागला. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. चोवीसच्या चोवीस निघाल्यावर त्यानं खरवडून दांडी साफ केली, तिच्यावरून तळहात फिरवला, आणि बोडकी वीणा पुढ्यात घेऊन बसलेला तो माणूस आपणच आहोत हे त्याला अंगभर जाणवलं. उद्या सोमवार होता. चार वर्षांत त्यानं एकही रजा घेतली नव्हती. "घरी निरोप हवा," तो गुरुमूर्तीला म्हणाला, "आणि ऑफिसात एक अर्ज द्यायला लागेल. कारण लिहा, घरगुती काम." आणि मग जिच्यासाठी सभेतले लोक उठून उभे राहत, त्या बाईला तो न अडखळता म्हणाला, "अम्मा, समोर बसा. तुमच्या षड्जावर तारा लावा. हात नेहमी पडतो तसाच पडू द्या, माझ्यासाठी हलका करू नका. आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

ती बसली. पदर खोचून, मांडी घालून, वर्गातल्या शहाण्या मुलीसारखी बसली. त्यानं नवे बांध घातले, पहिला पडदा मऊ मेणात टेकवला, आणि तिनं तार छेडली. "वर," ती म्हणाली. त्यानं केसभर सरकवला. "अजून." तिचं बोट खाली दाबलेलं होतं, त्याचं बोट पडद्याच्या कडेला, आणि दोघांच्या मध्ये मेण हळूहळू घट्ट होत होतं. "थांबा," तो म्हणाला, "तुम्ही दाबताय जास्त, आलापात एवढं दाबत नाही तुम्ही, मी ऐकलंय." ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली; तिला असं कुणी सांगून फार वर्षं झाली असावीत. मग तिनं बोट हलकं केलं आणि पुन्हा छेडलं. स्वर सरळ उभा राहिला. तिनं हनुवटीनं पुढच्या पडद्याची जागा दाखवली. उरलेले तेवीस बांधता बांधता बुधवारची संध्याकाळ झाली, आणि त्या चार दिवसांत त्या घरात शेषगिरी रावाला कुणी एकदाही 'सार' म्हटलं नाही, गुरुमूर्तीनंसुद्धा नाही.